मायक्रोमीटर माझ्या हातात देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, आधी त्या ब्लॉकवर कापड टाका, धूळ जातेय" म्हणून विषयच मिटवलात. म्हणून हे जाहीर पत्र. रागावलात तरी चालेल.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखालीचं फिरणं करणारा इंजिनातला दांडा, घेण्यासाठी तुमच्याआधी ज्यांचे उंबरे झिजवले त्यांची नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. माझ्या लान्सर इव्होल्यूशन गाडीचं ४जी६३ इंजिन रेसिंग ट्रॅकसाठी बांधतोय म्हटलं की जो तो खोकाच पुढे सरकवायचा. १०० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टनची वरखाली धाव तेवढी) क्रँक, फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेला, ४३४० जातीचं स्टील, "डोळे झाकून घ्या". इंजिन किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत) ओढणार, फ्लायव्हील सहा बोल्टचं की सात, पिस्टन कुठले, यातलं एक अक्षर कुणी विचारलं असेल तर शपथ. ज्यानं तो माझ्या गळ्यात मारला त्याचं "पॅकिंग फोडलंत, आता परत नाही" हे वाक्य मात्र तोंडपाठ होतं.

तुमचा पहिलाच प्रश्न, "लाल रेषा कुठे ठेवणार?" म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा. ८००० म्हटल्यावर तुम्ही पत्र्यावर खडूनं हिशेब मांडलात. मूळ ८८ मिलिमीटर स्ट्रोकला त्या आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २३.५ मीटर. १०० मिलिमीटरला तोच २६.७ वर जातो. पहिल्याइतकाच ठेवायचा तर ७००० लाच थांबा. शिवाय पिस्टन वर ६ मिलिमीटर जास्त चढणार, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड तोच ठेवला तर त्याला धरणाऱ्या पिनची जागा वर सरकवलेले पिस्टन आले. लांब स्ट्रोकला टर्बो लवकर भरतो, कमी आरपीएमलाच ताकद येते, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण मला हवं होतं वरच्या आरपीएमला पळणारं इंजिन.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी ऐकलं असतं. पण तुम्ही लेथ बंद केलात, हात पुसलेत, माझा कोरा करकरीत क्रँक व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या आधारांवर, ठेवलात. मायक्रोमीटर, म्हणजे सूक्ष्म माप घ्यायचं साधन, ठरावीक मापाच्या ठोकळ्यावर तपासलात आणि चक्क माझ्या हातात दिलात. "रॅचेटनंच फिरवा, आवळू नका. मी म्हणतो म्हणून नको, तुम्हीच वाचा." माझा अंगठा भलत्याच जागी होता, तो धरून नीट ठेवलात. बिग एंड जर्नलच्या, म्हणजे क्रँकवर रॉड बसतो त्या गोल भागाच्या, एका कडेला व्यासाचं माप घेतलं, मग दुसऱ्या कडेला. २० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) फरक! विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतलं, तुम्ही गप्प उभे. ४५ मिलिमीटरच्या जर्नल आणि बेअरिंगमध्ये तेलाची फट ठेवायची ती व्यासाच्या साधारण हजारावा भाग, म्हणजे ४५ मायक्रॉन. त्यातली जवळजवळ निम्मी या टेपरनंच, म्हणजे दोन कडांच्या व्यासातल्या फरकानंच, खाल्ली होती. हे गणित तुम्ही सांगण्याआधी माझं मीच केलं, आणि काका, त्या क्षणाचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही. गिऱ्हाइकाला काही कळत नाही यावर ज्यांची दुकानं चालतात, त्यांच्यापैकी कुणी आजवर माझ्या हातात साधी फूटपट्टीसुद्धा दिली नव्हती.

विकणाऱ्याचा फोनवरचा सल्ला तर ऐकण्यासारखा होता. म्हणे जर्नल ग्राइंड करून बारीक करा आणि त्या कमी व्यासाला बसणारं अंडरसाइज बेअरिंग टाका. त्यावर तुम्ही फक्त हसलात. नायट्रायडिंगचा, म्हणजे नायट्रोजन मुरवून स्टील कठीण केल्याचा, थर पातळ, सगळ्यात कठीण तो अगदी पृष्ठभागावर. ग्राइंडिंगमध्ये नेमका तोच जाणार. मग पुन्हा नायट्रायडिंग करा, पुन्हा क्रँक सरळ आहे का बघा.

आणि शेवटी काय निघालं, तर कारखान्यातून आलेला माझा जुना क्रँक मुळातच फोर्ज्ड स्टीलचा. तुम्ही त्याची चुंबकीय पावडरनं तडा-तपासणी केलीत, जर्नल जिथे क्रँकच्या बाजूच्या जाड भागाला (वेबला) मिळतो तो गोलवा विशेष निरखलात, पॉलिश आणि बॅलन्सिंग करून दिलंत. तुमच्या फडताळात विकायचे क्रँक होते, मला दिसत होते. त्यातला एक माझ्या माथी मारणं किती सोपं होतं! तुमच्या मनात तो विचारही आला नसेल, आणि सचोटी म्हणतात ती बहुधा अशीच असते, तिला स्वतःचा पत्ता नसतो. धंद्यात अशी माणसं नाहीत असं नाही, पण ती पाट्या लावत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना उशिरा सापडतात.

बेअरिंगची फट परवा मोजली, क्रँक ब्लॉकमध्ये पेलणाऱ्या पाचही मेन बेअरिंगना एकसारखी आहे. येत्या आठवड्यात हेड बसवतो.

तो टेपरवाला क्रँक मात्र न्यायला येणार नाही. कुणाला विकायची इच्छा नाही. तुमच्याकडच्या शिकाऊ पोरांना माप घ्यायच्या सरावाला ठेवा.

आपला,
८८ मिलिमीटरवाला