मुलुंडच्या गच्चीवरून

मुलुंड,
माघ शुद्ध द्वादशी

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. देवरुखच्या अंगणातल्या आकाशगंगेवर दोन पानं लिहिलीस आणि शेवटी विचारलंस, "तुझ्या मुंबईत दिसतं तरी काय?" अगं, पुष्कळ दिसतं! आकाशगंगा नाही दिसत, हे खरं. पण तारे मोजके असल्यामुळे एकेकाशी ओळख पक्की होते.

आज जेवणं आटोपून गच्चीवर गेले. चंद्र पुनर्वसूपाशी लखलखत होता, शेजारच्या टॉवरचे दिवे डोळ्यांत येत होते, तरीही दक्षिणेला दोन इमारतींमधल्या फटीत अगस्ती ठसठशीत दिसला. व्याधाखालोखाल हाच तेजस्वी तारा. इथून तो जास्तीत जास्त १८ अंश वर चढतो. हात लांब करून मुठीवर मूठ धरली तर दोन मुठींना थोडा कमीच. इतका खाली असल्याने त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यामुळे दुर्बिणीत तो क्षणात तांबडा, क्षणात हिरवा-निळा होत राहतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी वर आल्या होत्या, त्यांना दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "अगस्ती उगवला की नदीचं पाणी निवळतं." भाद्रपदाच्या सुमारास तो पहाटे पुन्हा दिसू लागतो, तेव्हा पावसाचा जोर ओसरत आलेला असतो. त्यांनी तो तारा आयुष्यात पहिल्यांदाच ओळखून पाहिला. किती वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या!

काक्षीवरही माझा डोळा असतोच. २०१९ च्या शेवटी मृगातला हा तांबडा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीपेक्षाही फिका झाला, पार मृगातल्याच शेजारच्या बेलाट्रिक्स या ताऱ्याच्या पंगतीला जाऊन बसला. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि तिने प्रकाश अडवला, असं पुढे अभ्यासातून निघालं. हा सगळा बदल मुंबईतून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. रोहिणी आणि काक्षी यांच्यात आज उजवं कोण, एवढं रोज ठरवायचं आणि वहीत टिपायचं. याला अंधारं आकाश लागत नाही.

आणि आता ठाण्याची खाडी. रविवारी खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी पाहायला जायचं ठरलं तेव्हा मी मोबाइल न उघडता पंचांग पाहिलं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तुला माहीतच आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी होती, म्हणजे साडेसातला पूर्ण भरती. खाडीत आत थोडी उशिराच. म्हणून साडेनवाला पोचलो. तिवरांच्या मागे पाणी उतरत होतं, चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडत होत्या, आणि रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे एकामागून एक येऊन उतरत होते. एक थवा इतका जवळ होता की दुर्बिणीत चोच स्पष्ट दिसत होती. मान पूर्ण खाली, चोच उलटी, वरचा जबडा चिखलाकडे. जिभेने पाणी आत घ्यायचं नि बाहेर ढकलायचं, हे इतकं भराभर चालतं की चोचीभोवती पाणी सारखं थरथरत असतं. चोचीतल्या बारीक दातऱ्यांत शेवाळ अडकतं, तेच त्यांचं मुख्य अन्न आणि त्यातूनच तो गुलाबी रंग. पाय नाचवत चिखल ढवळायचा, एक पाऊल पुढे, की पुन्हा तेच. या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याचा मला फार आनंद झाला होता. पण मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की या हजारो पक्ष्यांच्या जेवणाच्या वेळा चंद्र ठरवतो. पाठीमागे महामार्गावर गाड्यांची रांग लागलेली असते, आणि इथे शुद्ध-वद्य तिथीनुसार व्यवहार चालू असतो.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तुझं गाव माझ्यापासून सुमारे दोन अंश दक्षिणेला, त्यामुळे तुझा अगस्ती माझ्यापेक्षा तेवढाच वर. पोसिडोनियस नावाच्या ग्रीक विद्वानाने याच ताऱ्यावरून पृथ्वीचा परीघ काढला होता, रोड्स आणि अलेक्झांड्रिया इथून दिसणाऱ्या त्याच्या उंचीतला फरक घेऊन. आपण मुलुंड आणि देवरुख घेऊ. कोनमापकाला दोरा आणि नट बांधून ओळंबा कर, सरळ कडेवर शीतपेयाची नळी चिकटव आणि नळीतून अगस्ती धर. येत्या शनिवारी रात्री साडेआठपासून साडेदहापर्यंत दर दहा मिनिटांनी कोन टिपायचा, त्यातला सर्वांत मोठा तो आपला आकडा. मीही तेच करीन. उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून काढून ठेवते. आपल्या कोनांतल्या फरकाला एवढं अंतर, तर ३६० अंशांना किती, तोच परीघ. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी परिघात बराच फरक पडेल, म्हणून नळी हातात न धरता कशाला तरी टेकवून घे. आणि ढग आले तर रविवारी.

घरी सगळ्यांना नमस्कार. कोन फोनवर सांगू नकोस, पत्रातच लिही, म्हणजे मी माझा आकडा आधी काढलेला असेल.

तुझी,
वासंती