'गुप्तचरांचे अपयश' नेमके कुठे झाले?

महोदय,

दहशतवादी हल्ला झाला की 'गुप्तचरांचे अपयश' हा मथळा ठरलेलाच असतो आणि बोट बहुधा 'रॉ'कडे, म्हणजे परदेशांविषयीची गुप्त माहिती मिळवणाऱ्या यंत्रणेकडे, दाखवले जाते. चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

१९६२ आणि १९६५च्या युद्धांत दिसलेल्या उणिवांमुळे सप्टेंबर १९६८ मध्ये परदेशांविषयीचे काम इंटेलिजन्स ब्युरोतून (आयबी) वेगळे काढून रामेश्वरनाथ काव यांच्याकडे सोपवले गेले. तीच ही रॉ. मंत्रिमंडळ सचिवालयाखालच्या या यंत्रणेला अटकेचा अधिकार नाही. परदेशातील खबरे आणि पकडलेले संदेश यांतून मिळालेले तुकडे ताडून पाहायचे, स्रोत उघड होणार नाही अशा बेताने अहवाल लिहायचा आणि ज्याला त्यावर कृती करायची आहे त्याच्या हाती तो वेळेत द्यायचा, हे तिचे मुख्य काम. स्रोत जपण्यासाठी तपशील गाळले जातात आणि इशारा खाली पोहोचेपर्यंत मोघम होतो. २६/११ पूर्वी समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि ताज हॉटेलच्या सूचना मुंबईपर्यंत आल्या होत्या. हल्ल्याचा दिवस त्यांत नव्हता.

खरी दुखरी जागा पोहोचवण्यात आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने नोंदवलेली एक गोष्ट प्रत्येकाने वाचावी अशी आहे. जून १९९८ मध्ये आयबीने सीमेपलीकडील वाढत्या हालचालींचा अहवाल पंतप्रधान, गृहमंत्री यांच्यासह वरिष्ठांना पाठवला; पण रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक यांना तो गेलाच नाही. म्हणजे ज्यांनी तो इतर माहितीशी जुळवून पाहायचा, तेच यादीबाहेर! त्यानंतर सर्व यंत्रणांची माहिती एकत्र करणारे मल्टी एजन्सी सेंटर, लष्करी गुप्तवार्तेसाठी डीआयए, तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ उभे राहिले. तरीही २००८ मध्ये २६/११ घडले.

शिवाय, रॉ संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली नाही. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून खासदारांची देखरेख समिती नेमली. अमेरिकेत तशा समित्या १९७६-७७ पासून आहेत. आपल्याकडे २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी अशा देखरेखीसाठी खासगी विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले, तर नागरिकांनाही काही विचारता येत नाही. या गोपनीयतेला आमचा विरोध नाही. पण निवडक खासदारांच्या समितीने प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर बंद दाराआड इतके तरी तपासावे: इशारा कधी मिळाला, कोणाकोणाला गेला आणि त्यावर कोणी सही करून काय केले?

– एक वाचक, पुणे