एका रात्रीत नव्हे, शके ९८२

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत अंबरनाथच्या शिवमंदिराचा पानभर फोटो आला. फोटो झकास. पण खाली ओळ होती, 'पांडवांनी एका रात्रीत उभारलेले मंदिर'. त्या ओळीपायी आमच्या घरात दोन दिवस वाद चालू आहे, म्हणून हे पत्र.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, बायको बालवाडीत शिकवायची. राहायला नौपाड्यात. गेली चार वर्षं मंगळवार, गुरुवार आणि शनिवार आम्ही दोघं सकाळच्या लोकलने अंबरनाथला जातो. समोरून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांच्या दारात माणसं लटकत असतात आणि आम्ही उलट्या दिशेला खिडकीत बसून शेंगदाणे खात असतो. निवृत्तीचं असं रोकडं सुख दुसरं नाही. स्टेशनच्या पूर्वेला शेअर रिक्षा पकडायची, मंदिराजवळच्या फुलवालीकडे ठेवलेली घडीची दोन स्टुलं उचलायची आणि सावली बघून बसायचं. आम्ही गाइड नाही, पुजारी नाही, आम्हाला कुणी नेमलेलं नाही. पैसे घेत नाही. कुणी विचारलं तर सांगतो. बहुतेक लोक बाथरूम कुठे आहे ते विचारतात, तेही सांगतो.

दुसरा ठरलेला प्रश्न, 'काका, हे पांडवांनी बांधलं ना?' गाभारा मंडपाच्या बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत उभं राहून वर पाहावं तर छप्पर नाही, थेट आभाळ. मग कुणीतरी सांगतंच, की पांडव रात्रभर बांधत होते, पहाट झाली आणि वरचं काम राहिलं. त्या उघड्या आभाळाला ही गोष्ट इतकी चपखल बसते की ती काढून टाकणं अवघड आहे.

अशा माणसाला मी उत्तरेच्या दाराशी नेतो. तिथे तुळईवर आतल्या बाजूने शिलालेख आहे. नुसता दाखवून दिसत नाही. बायकोच्या पर्समधला हातभर लांबून धरायचा छोटा आरसा घेऊन मी उन्हाचा कवडसा वर पाडतो, मग अक्षरं उठतात. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६०. राजा माम्वाणि, शिलाहार राजघराण्यातला, म्हणजे आपल्याच श्रीस्थानकाचा, ठाण्याचा. लोकांना राजापेक्षा शुक्रवार आवडतो. एक रिक्षावाला 'वारसुद्धा लिहिलाय?' म्हणून गेला, तो पुढच्या खेपेला भावाला घेऊन आला.

आणि गंमत म्हणजे हाच आकडा डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आधी ७८२ असा वाचला होता. पुढे शिलालेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा लावला. एका अंकात दोनशे वर्षं इकडची तिकडे. मी पस्तीस वर्षं पाकिटांवरचे पुसट शिक्के वाचले आहेत, साताचा नऊ आणि नवाचा सात होताना पाहिला आहे. भाऊ दाजींना नावं ठेवायची माझी छाती नाही.

बायकोने नेमकं हेच पकडलं. 'एवढे विद्वान चुकले, मग एखाद्या म्हातारीने पांडव म्हटलं तर तुमचं काय गेलं?' तिचा रोख मुरबाडकडून आलेल्या एका आजींवर होता. त्यांनी पांडवांचं नाव काढलं, मी शके ९८२ सुरू केलं आणि बायकोने माझा हात दाबला. आजींना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि भीमाने कुठला दगड कसा उचलला तो सगळा वृत्तांत शांतपणे ऐकून घेतला. शेवटी मी आरसा पुढे केला. आजींनी त्यात बघून कुंकू सारखं केलं आणि आरसा परत दिला. शिलालेख राहिलाच.

मूर्तींच्या खाचांत नाणी खुपसणाऱ्यांनाही बायकोच आवरते. मी चिडतो. ती म्हणते, 'अहो, देवाच्या डोळ्यात जाईल.' नाणं खिशात परत जातं.

तर आजींबद्दलचं बायकोचं म्हणणं मला पटलं. पण गेल्या शनिवारी एका कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर तुमची पुरवणीच माझ्या नाकासमोर धरली. 'काका, पेपरात आलंय.' त्याच्यापुढे माझा आरसा चालेना. आजींनी सांगितलेली गोष्ट आजींबरोबर मुरबाडला परत जाते, तुमची छापलेली ओळ मात्र शाळेच्या प्रकल्पात चिकटवली जाते.

महाशिवरात्रीच्या जत्रेला तुम्ही पुन्हा फोटो छापालच. तेव्हा खाली १०६० घाला. पांडव काढू नका, त्यांच्यामागे फक्त 'असे म्हणतात' लिहा. हे शेवटचं वाक्य बायकोने घालायला लावलं आहे, त्याशिवाय ती पाकिटाला तिकीट लावू देईना.

रविवारी नातू येतो, म्हणून आम्हाला जमत नाही आणि नेमकी गर्दी रविवारीच असते. ठाण्या-कल्याणकडचं कुणी निवृत्त जोडपं येणार असेल तर स्टुलं फुलवालीकडे आहेत, आमचं नाव सांगायचीही गरज नाही. उन्हाळ्यात अकराच्या आत उठा, नंतर त्या काळ्या दगडावर अनवाणी पाऊल ठरत नाही. आरसा मात्र आपला आपण आणावा, बायको तिचा ठेवून जायला तयार नाही.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
नौपाडा, ठाणे