मामा, पोरांना दुसरा सामना दिल्याबद्दल

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ही गोष्ट तुमच्या-माझ्यापुरती नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-भिवापूरच्या पट्ट्यात जेवढी पुनर्वसित गावं आहेत, तिथल्या प्रत्येक फुटबॉल संघाच्या कानावर ती जावी असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही शिकवता तो आपला संघ कसा मोडला ते आधी सांगायला हवं. 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाचं पाणी शेवटी आपल्या वेशीपर्यंत आलं आणि जुन्या गावासोबत नदीकाठचं मैदानही गेलं. निम्मी घरं एका नव्या गावठाणात, निम्मी दुसऱ्या. मैदान म्हणून मिळालेली जागा मुरमाची, पडलं की गुडघा सोलून निघतो. ज्यांची शेती गेली त्या घरांतली कमावती पोरं बुटीबोरीच्या कंपन्यांत नाहीतर उमरेडला कंत्राटी कामाला लागली. शिफ्ट बदलली की स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध अडवणारा, नाही, ओव्हरटाइम लागला की गोलकीपर नाही. संघाची वही माझ्याकडे असते. प्रवेश फी भरायची, टेम्पोचं भाडं द्यायचं आणि पहिल्याच फेरीत हरून परत यायचं, हे इतकं नेहमीचं झालं होतं की लोक निकालसुद्धा विचारत नव्हते.

संघ हरायला लागला की आपल्याकडे एकच उपाय सुचवला जातो. बाहेरचे खेळाडू आणा. नागपूर-कामठीची चांगली पोरं मॅचमागे पैसे घेऊन खेळायला येतात. त्यात त्यांचं काही वावगं नाही. कामठीत फुटबॉल पिढ्यान् पिढ्या रुजलेलं आहे आणि कष्टाने कमावलेल्या खेळाचे पैसे त्यांनी का घेऊ नयेत? जर्सीचा खर्च देणाऱ्या गृहस्थांची अटही हीच होती, चार जण बाहेरचे हवेत. त्या बैठकीत तुम्ही एवढंच विचारलंत, "मॅच झाल्यावर ते आपल्या घरी जातीन. मंग आपल्या गावात का राहीन?" आणि पुढे म्हणालात, "जर्सी जुनीच घालू." जुनीच घातली. पाठीवरचे आकडे मी स्वतः मार्करने पुन्हा गिरवले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हायस्कूलच्या फाटकाशी उभे होतात. नववी-दहावीची पोरं सुट्टीत कशी खेळतात ते बघत.

तरुणांना संधी द्या असं भाषणात सगळेच म्हणतात. पण ती कशी द्यायची ते मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एकदम सगळा संघ बदलला नाहीत. तीनच पोरं घेतलीत आणि तीही कडेला, कारण मधोमध चेंडू गेला तर थेट गोल होतो आणि कडेला चूक सावरायला थोडा वेळ मिळतो. उजव्या बॅकला, म्हणजे उजव्या कडेच्या बचावाला, दहावीतला पोरगा, तर त्याच्या शेजारी स्टॉपरला आपला सगळ्यात जुना माणूस. त्याला तुम्ही बजावलं होतं की खेळ कमी झाला तरी चालेल, पण तोंड बंद ठेवायचं नाही, पोराशी सतत बोलत राहायचं. 1958 च्या विश्वचषकाची गोष्ट तुम्ही नेहमी सांगता. पेले तेव्हा सतरा वर्षांचा होता एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही पुढचं सांगता, की त्याच्या आजूबाजूला दीदी आणि नील्टन सांतोस या ब्राझीलच्याच खेळाडूंसारखी तयार माणसं होती, आणि गुडघा दुखावला म्हणून पहिले दोन सामने त्याला खेळवलंच नव्हतं. कुणी गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणालं की तुम्हीही त्याचं पळणं बंद करायचात. वाढत्या वयात तिथे ताण येतो, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. एका दिवसात दोन सामने असले तर पोरांना एकच.

आणि मग तो पहिला सामना.

मध्यंतराला बरोबरी होती. नंतर आपल्या उजव्या बॅककडे चेंडू आला तेव्हा त्याचं तोंड आपल्याच गोलकडे होतं. मागे कोण आहे ते त्याने पाहिलं नाही आणि गोलकीपरला पास दिला. मुरमात चेंडू अडला. असा पास गोलकीपरला हातात घेता येत नाही, म्हणून तो पायाने मारायला धावत पुढे आला, पण त्यांचा फॉरवर्ड आधी पोचला होता. बाहेरून ओरडा सुरू झाला, "काढा ना त्या पोट्ट्याले!" मीही तुमच्याकडे बघितलं. बदली खेळाडू बूट बांधून तयार होता. तुम्ही जागचे हलला नाहीत. "राहू दे त्याले," म्हणालात, "आता काढलं तं रातभर त्याले हाच गोल दिसत राहीन." पोरगा शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला. आपण हरलो.

लोक पांगल्यावर तुम्ही त्याला पुन्हा त्याच जागी उभं केलंत. रागाचा एक शब्द नाही. मी चेंडू देत होतो आणि तुम्ही मागे उभे राहून बोटं दाखवत होतात. चेंडू पायाशी यायच्या आधी मान वळवून किती बोटं आहेत ते त्याने सांगायचं. मग अंग आपल्या गोलकडे न ठेवता कडेच्या रेषेकडे ठेवायचं. आणि काहीच सुचलं नाही तर सरळ बाहेर मारायचा, त्यात कमीपणा नाही. बोटं दिसेनाशी होईस्तोवर हेच चाललं होतं.

पुढच्या सामन्याच्या यादीत गोलकीपरच्या खाली त्याचंच नाव होतं. मामा, मला आभार मानायचे आहेत ते या एका नावाबद्दल. पहिला सामना कुणीही देतो. चुकलेल्या पोराला दुसरा सामना, तोही त्याच जागेवर, आणि तोही संघ हरत असताना, हे मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, रोवणी केली की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चार दिवस पिवळे पडतात, मान टाकतात, म्हणून कोणी ते उपटून पाहतं का? या दुसऱ्या सामन्यात पुन्हा तसाच चेंडू त्याच्याकडे आला. त्याने मान वळवली, पाहिलं आणि चेंडू कडेबाहेर ठोकला. साधा थ्रो-इन. टाळी कुणी वाजवली नाही, पण तुम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलात.

त्याची आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठं खुडायला जाते. पोरगा खेळायला लागला तर दहावी बुडेल ही तिची धास्ती. तुम्ही सातऱ्यावर जाऊन, ठसका लागत असताना, तिच्याशी बोललात आणि परीक्षेच्या आधी सराव बंद ठेवायचा शब्द दिलात. तो पाळलातही. सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या सतरा वर्षांखालच्या गटासाठी शाळेचा संघ उतरवायचं ठरलं, तेव्हा जन्मदाखले, आधार कार्ड आणि बोनाफाईड गोळा करायला तुम्हीच दारोदार फिरलात. तालुक्याच्या पुढे आपली पोरं गेली नाहीत. पण दोन्ही गावठाणांतली पोरं एका संघात खेळली, आणि हे जुनं गाव उठल्यापासून पहिल्यांदा झालं.

ज्या दोघा मोठ्यांना बाकावर बसावं लागलं त्यांचेही आभार इथेच मानतो. तुम्ही यादी भिंतीवर लावायच्या आधी त्यांच्या घरी गेलात, चहा घेतलात आणि तोंडावर सांगितलंत. म्हणूनच ते आजही सरावाला येतात आणि नव्या पोरांना हेडिंग शिकवतात.

यंदा आपण दोन फेऱ्या जिंकलो आणि मग कामठीकडच्या एका संघाने आपल्याला चांगलंच हरवलं. पण परत येताना टेम्पोत पोरं कुणाचं कुठे चुकलं यावर उमरेडपर्यंत बोलत होती. हे हरलेल्या संघाचं बोलणं नव्हतं.

आता नागपूरला लेकीकडे जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन निवांत करून घ्या. धूळ टाळा, मैदानावर यायची घाई करू नका. धानाची कापणी झाली की सराव सुरू करतो. आठवीतली तीन-चार पोरं विचारत आहेत, त्यांना चार नंबरचा, जरा लहान, चेंडू वेगळा घेतलाय. यादी मात्र तुम्ही आल्यावरच करू.

तुमचा,
संघाची वही सांभाळणारा