ताईच्या मुलाच्या आयटीआयबद्दल

सिंगापूर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ताईच्या मुलाने दहावीनंतर आयटीआयला जावे की नाही, यावरून घरात चाललेला वाद तुमच्या पत्रातून कळला. सिंगापूरने आपली माणसे कशी घडवली, असे तुम्ही विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९६५ साली मलेशियापासून वेगळे झाल्यावर या देशाकडे ना खनिजे होती, ना म्हणावी अशी शेती. पाण्यासाठीसुद्धा शेजारच्या मलेशियातील जोहोर राज्यावर विसंबावे लागे. त्यात ब्रिटिशांनी आपले लष्करी तळ १९७१ पर्यंत हलवायचे ठरवले आणि तळांवर ज्यांचे पोट होते, त्या हजारो लोकांना काम कोठून द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला. परदेशी कारखान्यांना बोलवावे, तर साचे आणि डाय (धातूला आकार देणारे ठसे) घडवणारे कसबी हात मोजकेच. तेव्हा येथील आर्थिक विकास मंडळाने १९७२ साली पहिले संयुक्त प्रशिक्षण केंद्र काढले, आणि तेही आपल्या टाटांबरोबर! कॅमेरे बनवणारी रोलाय आणि फिलिप्स या कंपन्या नंतर आल्या. खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलायचा, शिकवायचे कंपनीने, आणि स्वतःला लागतील त्यापेक्षा जास्त मुले तयार करायची, म्हणजे उरलेली इतर कारखान्यांना मिळतील, अशी ती व्यवस्था होती.

आमच्या कारखान्यातील टूलरूममधले, म्हणजे साचे-अवजारे घडवण्याच्या विभागातले, एक वयस्कर चिनी गृहस्थ अशाच केंद्रात शिकलेले आहेत. नवा मुलगा आला की सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनला, हात लावू देण्याआधी ते त्याला व्हाइसवर (शिकंज्यात) एक ठोकळा कानशीने सपाट करायला लावतात. ठोकळा निळी शाई लावलेल्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटावर, फिरवायचा, जेथे निळे उमटेल तेवढाच उंचवटा घासायचा आणि पुन्हा प्लेटवर ठेवायचा. आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक (कसब शिकवणारे) असताना तुम्ही पहिल्या वर्षाच्या फिटरांकडून हेच करून घेत होतात.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशाची सोय. १९७९ साली येथील सरकारने कौशल्य विकास निधी सुरू केला. मालकाने कामगारांच्या पगारावर थोडी पट्टी भरायची आणि त्या निधीतून प्रशिक्षणाला अनुदान मिळवायचे. आज ही पट्टी पगाराच्या ०.२५ टक्के आहे. रक्कम किरकोळ असली तरी पैसे भरलेच आहेत म्हटल्यावर मालकही माणसे शिकायला पाठवण्याचा विचार करतो. याउलट चाळिशीपुढच्या नागरिकांना २०२४ पासून अभ्यासक्रमांसाठी सरकारकडून जे ४,००० सिंगापूर डॉलरचे जादा क्रेडिट मिळते, त्याबद्दल मी थोडा साशंक आहे, कारण शिकलेले वापरायला कामावर जागा नसेल तर प्रमाणपत्र कपाटातच राहते.

येथे सगळे आदर्श आहे, असे मात्र समजू नका. आयटीआयसारख्याच आयटीई या संस्थेला १९९२ पासून सरकारने उत्तम इमारती आणि यंत्रे दिली, तरी मुलाने विद्यापीठातच जावे, हा येथल्याही आईवडिलांचा हट्ट सुटलेला नाही. तेव्हा ताईला फार बोलू नका.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठीचा ॲप्रेंटिस कायदा १९६१ सालापासून आहे. उणीव आहे ती मुलाला खरोखर मशीनवर उभे करणाऱ्या मालकांची. म्हणून प्रवेश घेण्याआधी तुम्ही स्वतः त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथ चालू आहेत की झाकून ठेवलेले आहेत, ते पाहा, आणि मागील वर्षीच्या टूल अँड डाय मेकरच्या मुलांना कोणत्या कारखान्यांनी ॲप्रेंटिस म्हणून घेतले, तेही विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर ताईशी मी फोनवर बोलेन.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
बाळू