स्पंजातल्या स्टेरॉलबद्दल मित्रास पत्र

प्रिय सुहास,

स्पंजाचं काम हाती घेतलंस, फार बरं वाटलं. एक गोष्ट आधीच सांगतो: जीसी-एमएसच्या (घटक वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या) स्पेक्ट्रम-लायब्ररीने ९५ टक्के जुळणी दाखवली, तरी तेवढ्यावर नाव लिहून टाकू नकोस. समुद्री स्टेरॉलची, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या घराण्यातल्या रेणूंची, खरी गंमत बाजूच्या साखळीत असते. कुठे २६व्या कार्बनवर जादा मिथिल, कुठे २४वर आयसोप्रोपिल, गॉर्गोनियन या प्रवाळाच्या गॉर्गोस्टेरॉलमध्ये तर चक्क सायक्लोप्रोपेनचं कडं. लायब्ररीत जे नाही, त्याच्या जागी ती जवळचं काहीतरी देऊन मोकळी होते.

सॅम्पल फ्रीझ-ड्राय करून पूड कर. ५ ग्रॅम पुडीला डायक्लोरोमिथेन-मिथेनॉल (१:१) ५० मिली, असं तीनदा. मिथेनॉलबरोबर मीठही येतं, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टचं वजन फसवं असतं. काम मंद उजेडात कर. डेल्टा-५,७ (५व्या आणि ७व्या कार्बनपाशी दुहेरी बंध असलेले) स्टेरॉल उजेड आणि हवा मिळाली की ५,८-एंडोपेरॉक्साइड बनवतात, आणि स्पंजातही तेच नैसर्गिकरीत्या सापडत असल्याने मूळचं कुठलं नि तुझ्या बाकावर झालेलं कुठलं, हे नंतर ठरवता येत नाही.

२० मिग्रॅ लिपिडला ९५ टक्के इथेनॉलमधलं १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड २ मिली, ८० अंशांवर तासभर. मग २ मिली पाणी घालून हेक्झेनने ३ मिली तीनदा. इंटर्नल स्टँडर्ड (मोजमापासाठी ठरावीक मात्रेत घालायचं ओळखीचं संयुग) या सॅपोनिफिकेशनच्या, म्हणजे अल्कलीने एस्टर तोडण्याच्या, आधीच घाल, आणि ५अल्फा-कोलेस्टेनऐवजी एपिकोप्रोस्टॅनॉल घे. कोलेस्टेनला हायड्रॉक्सिल नाही, त्यामुळे सिलिलेशन (हायड्रॉक्सिलवर टीएमएस, म्हणजे ट्रायमिथिलसिलिल गट, चढवणं) फसलं तरी त्याचा पीक छानच दिसतो.

सिलिलेशनसाठी १ टक्का टीएमसीएस (उत्प्रेरक) असलेलं बीएसटीएफए हे अभिकर्मक ५० मायक्रोलिटर, तेवढंच पिरिडीन, ७० अंशांवर अर्धा तास. कुपीत पाण्याचा अंश राहिला की अभिकर्मक त्यातच खर्च होतो आणि शेपूट ओढणारे पीक येतात. हातमोजे सोडू नकोस: बोटांवरून स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही येतात. १४९चा आयन दिसला तर प्लास्टिकातलं थॅलेट समज. प्रत्येक बॅचला ब्लँक (सॅम्पलशिवाय केलेली तीच सगळी प्रक्रिया) हवाच.

आता स्पेक्ट्रम. कोलेस्टेरॉलच्या टीएमएस ईथरला ४५८, ३६८, ३२९ आणि ठळक १२९ (हे सगळे आयनांच्या वस्तुमानाचे आकडे). हा १२९ डेल्टा-५ची खूण. डेल्टा-७ मध्ये तो फिका पडतो आणि २५५ वर येतो. कोलेस्टेनॉल कोलेस्टेरॉलला अगदी खेटून निघतं. त्याचा ४६० पाहून निकाल देऊ नकोस, कारण ४५८चे समस्थानिकही तिथेच मोजले जातात. २१५ आणि ४४५ बघ. आणखी एक: ३८६ दिसला की सिलिलेशन अपुरं राहिलं असं वाटतं, कारण टीएमएस न चढलेल्या कोलेस्टेरॉलचं वस्तुमान तेवढंच. पण २४-मिथिलीनकोलेस्टेरॉल (४७०) मॅकलॅफर्टी पुनर्रचनेने (हायड्रोजन सरकून बाजूची साखळी तुटण्याने) ८४ गमावतं, फ्युकोस्टेरॉल (४८४) ९८ गमावतं, आणि दोघांचाही तुकडा ३८६च. त्याच पीकमध्ये ४७० किंवा ४८४ आहे का, ते आधी तपास.

२४व्या कार्बनचं आर-एस कोडं (त्यावरचा गट अवकाशात कुठल्या बाजूला आहे) मात्र जीसीच्या कॉलमवर सुटत नाही. सिटोस्टेरॉल आणि क्लायोनास्टेरॉल एकत्रच निघतात, स्पेक्ट्रमही सारखाच. नुसत्या जीसीवरून ‘२४-एथिलकोलेस्टेरॉल’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं. पुढे जायचं असेल तर एचपीएलसीने (द्रवातल्या क्रोमॅटोग्राफीने) शुद्ध करून कार्बन-१३ एनएमआर (कार्बनची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) काढ आणि दोन्ही एपिमरच्या (एकाच कार्बनवर उलट मांडणी असलेल्या जोडीच्या) अस्सल नमुन्यांशी ताडून बघ.

सल्फेट असलेले स्टेरॉल हेक्झेनमध्ये येतच नाहीत. हॅलिकॉन्ड्रिया या स्पंजातलं हॅलिस्टॅनॉल सल्फेट तीन सल्फेट घेऊन पाण्याच्या बाजूला राहतं. तो थर फेकू नकोस, ब्युटेनॉलने काढून घे, आणि आम्ल लावू नकोस, नाहीतर सल्फेट निसटून जातं. निगेटिव्ह ईएसआयमध्ये (ऋण आयन पाहणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये) ९७चा, म्हणजे सल्फेटचा, तुकडा शोध. तो मिळाला तर पहिला एनएमआर पाठव, आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
माधव