मधल्या खोलीतल्या एसीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या गुरुवारी मधल्या खोलीत एसी बसवायला माणूस येईल. कृपा करून त्याला दारातून परत पाठवू नये. पैसे भरून झाले आहेत. कूलर का नाही, असे बाबा विचारतील. पण हवा कोरडी असेल तरच कूलर गारवा देतो, आणि वळवाचे ढग जमू लागले की कोल्हापुरात तो नुसता ओलसर वारा फेकत राहतो. शिवाय आपला पत्रा दिवसभर तापून रात्रीही धग सोडत असतो. एसी 26 अंशांवर ठेवून पंखा हळू लावला तरी पुरते. वाढीव बिल मी भरीन. आईचा पलंग हलणार नाही आणि बाबांच्या खांद्यावर थेट झोत येणार नाही, अशीच जागा सांगितली आहे.

तालमीत घाम गाळलेल्याला ऊन काय करणार, हे बाबांचे म्हणणे त्यांच्या खांद्यावर बसून जोतिबाचा डोंगर चढताना मला अगदी खरे वाटे. मात्र वय झाले की तहान लागलेली लवकर कळत नाही, घामही कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे जास्त पाणी जाते. म्हणून गोळी मनाने बंद न करता, उन्हाळ्यात ती तशीच चालू ठेवायची का आणि पाणी किती प्यायचे, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारावे. रंकाळ्यावरचा फेरा पहाटेच व्हावा. आई, चटणीच्या मिरच्या सकाळी 9 च्या आत गच्चीवर टाक आणि ऊन उतरल्यावरच काढ. मधे त्या हलवायला जायचे नाही. ताक, पन्हे हवे तेव्हा घ्या, फक्त बाबांच्या पन्ह्यात गूळ बेताने.

कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर पडून राहून बरे वाटायची वाट पाहू नये. लगेच 108 ला फोन करावा, सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. काकांच्या वेळी आपण सगळे कांदा शोधत होतो. तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे आईने ते मनाला लावून घेऊ नये.

रोज दुपारी 2 वाजता मी फोन करीन. तो उचलला नाही, तर शेजारच्या वहिनी जिना चढून वर येतील. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे, तेव्हा त्यांच्यावर रागावू नये.

तुमची,
धाकटी